हुर्यो उडवणाऱ्यांच्या बाजूने

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस परिसरात एका जुन्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. मालिकेचं नाव 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली, एक हंगाम चालली आणि बंद पडली. तिला पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून ही मंडळी जमली होती. तिथे रोनाल्ड मूर हा लेखक आपल्या नव्या 'गॅलॅक्टिका'ची काही दृश्यं घेऊन आला. दोनच महिन्यांनी ती साय-फाय वाहिनीवर येणार होती. जमलेल्यांनी त्या दृश्यांची हुर्यो उडवली.

पुढचा निकाल मूरच्या बाजूने लागला. नव्या मालिकेच्या पहिल्याच नियमित भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला, मग पीबॉडी मिळाला, आणि २००९ मध्ये ती संपत आली तेव्हा तिच्यावर चर्चा करायला न्यूयॉर्कमध्ये चक्क संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात सभा भरली. हुर्यो उडवणारे साहजिकच पोरकट आणि दुराग्रही ठरले. आजही एखाद्या रीमेकवर कुणी नाराजी दाखवली की हाच दाखला तोंडावर फेकला जातो: 'गॅलॅक्टिका'च्या वेळीही लोक असेच ओरडत होते, मग काय झालं बघा! हा दाखला मला फार स्वस्त वाटतो. मी दोन्ही मालिका उलट्या क्रमाने पाहिल्या, आधी नवी आणि नंतर जुनी. नवी कितीतरी पटीने सरस आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही ओरडणाऱ्यांचं म्हणणं कुणी धड ऐकूनच घेतलं नाही, असं मला वाटतं. नव्या मालिकेविषयी त्यांनी दिलेला निकाल चुकला. पण जुनी मालिका लोकांना काय देऊन गेली होती, याची त्यांच्याइतकी खरी साक्ष दुसऱ्या कुणी दिलेली नाही, आणि त्या साक्षीत आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे.

आधी ती जुनी मालिका. तिचा कर्ता ग्लेन लार्सन, म्हणजे पुढे 'नाईट रायडर' आणणारा तोच. माणसांच्या बारा वसाहती आणि सायलॉन नावाचे यंत्रसैनिक यांच्यात हजार वर्षं युद्ध चाललेलं असतं. सायलॉन तहाचा प्रस्ताव धाडतात, वसाहतींचे पुढारी भुलतात, आणि तहाच्या दिवशीच बाराही ग्रहांवर हल्ला होतो. 'गॅलॅक्टिका' ही एकच मोठी युद्धनौका वाचते. तिचा सेनापती ॲडामा उरल्यासुरल्या नौकांचा तांडा गोळा करतो आणि दंतकथेतल्या एका तेराव्या वसाहतीच्या शोधात निघतो. ती तेरावी वसाहत म्हणजे आपली पृथ्वी. १७ सप्टेंबर १९७८ च्या रात्री पहिला तीन तासांचा भाग चालू असताना वाहिनीने तो मध्येच थांबवला, कारण इस्रायलचे बेगिन आणि इजिप्तचे सादात यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्या साक्षीने कॅम्प डेव्हिड करारावर सह्या केल्या ते दृश्य दाखवायचं होतं. पडद्यावरच्या गोष्टीत तह म्हणजे दगाबाजी, आणि ती गोष्ट थांबवून दाखवला जातोय खराखुरा तह. असला योगायोग एखाद्या कथालेखकाने रचला असता तर संपादकाने तो ओढूनताणून आणलेला म्हणून कापला असता.

आधी मोजक्या दूरचित्रपटांचा बेत होता. वाहिनीने आयत्या वेळी दर आठवड्याची मालिका मागितली. पटकथा धावतपळत लिहिल्या गेल्या, अवकाशातल्या लढाईचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले. 'स्टार वॉर्स' येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, दृश्यचमत्कारांसाठी त्याच चित्रपटाचा जॉन डायक्स्ट्रा घेतलेला, त्यामुळे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने नक्कल केल्याचा खटला भरला आणि तो वर्षानुवर्षं चालला. म्हणजे पंचवीस वर्षांनी ज्या कलाकृतीच्या शुद्धतेसाठी लोक कंठशोष करणार होते, ती जन्माला आली तेव्हा तिच्यावरही उसनवारीचा आरोप होताच. २४ भागांनंतर, एप्रिल १९७९ मध्ये ती संपली. पुढच्या वर्षी 'गॅलॅक्टिका १९८०' नावाचा दहा भागांचा एक केविलवाणा प्रयोग झाला. त्याच्याबद्दल जुने चाहतेही बोलायचं टाळतात, मीही टाळतो.

या २४ भागांवर लोक पंचवीस वर्षं जगले, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे होता रिचर्ड हॅच. जुन्या मालिकेत त्याने अपोलो रंगवला होता, सेनापतीचा मुलगा आणि लढाऊ वैमानिकांचा म्होरक्या. नट सहसा बंद पडलेल्या मालिकेच्या आठवणीने चिडतात. चेहरा त्या भूमिकेला चिकटतो आणि पुढची कामं मिळत नाहीत. हॅचने उलट केलं. १९९७ पासून त्याने सहलेखकांना घेऊन 'गॅलॅक्टिका'च्या कादंबऱ्या लिहिल्या. १९९९ मध्ये स्वतःची पदरमोड करून, जुन्या सहकाऱ्यांना गोळा करून, त्याने 'द सेकंड कमिंग' नावाची एक झलकफीत तयार केली. हे पाहून तरी स्टुडिओ मालिका पुन्हा सुरू करेल अशी त्याची आशा होती. ती फीत तो गावोगावच्या मेळाव्यांत दाखवत फिरला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. हक्क ज्यांच्याकडे होते त्या युनिव्हर्सलने दाद दिली नाही. २००१ मध्ये टॉम डिसांटो आणि ब्रायन सिंगर यांनी जुन्या कथेच्या पुढचा भाग काढायची तयारी केली होती, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर वेळापत्रक कोलमडलं, सिंगर दुसऱ्या चित्रपटाकडे वळला आणि तेही बारगळलं. मग मूर आणि त्याचा जोडीदार डेव्हिड आईक आले, आणि त्यांनी सांगितलं की आम्ही पुढची गोष्ट सांगणार नाही, पहिल्यापासून सुरू करू.

राग आला तो इथे. पुढचा भाग आणि नवी सुरुवात या दोन गोष्टी प्रेक्षकाशी अगदी वेगळ्या वागतात. १९८७ मध्ये 'स्टार ट्रेक'चा नवा अवतार आला तेव्हाही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. टक्कल पडलेला कप्तान कसला, वगैरे. पण ती गोष्ट जुन्या गोष्टीनंतर कित्येक दशकांनी घडत होती. जुन्या मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक यांनी जे केलं ते केलेलंच राहिलं, फक्त आता ते इतिहासात गेलं. (मूर स्वतः लिहायला शिकला तो याच मालिकेत, हे त्याच्यावर चिडलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक होतं आणि त्यामुळे ते अधिकच चिडले.) 'डॉक्टर हू' तर २००५ मध्ये परतला तो तोच डॉक्टर म्हणून, नव्या चेहऱ्याने, तिथे १९६६ पासून चेहरा बदलणं हा कथेचाच नियम आहे. या दोन्ही ठिकाणी जुन्या प्रेक्षकाची पुंजी शाबूत राहिली. नवी सुरुवात मात्र त्याला सांगते की तू पाहिलंस ते घडलंच नाही, घडलं ते असं. पंचवीस वर्षं कुणीतरी परत येईल म्हणून दार उघडं ठेवून बसलेल्या माणसाला त्याच नावाचा दुसराच कुणी येऊन भेटला, तर तो पाहुणा किती गुणी आहे हे बघायची त्याची मनःस्थिती नसते. ॲडामाच्या भूमिकेतल्या एडवर्ड जेम्स ओल्मोसने हे ओळखलं होतं. मालिका येण्याआधीच त्याने वार्ताहरांसमोर कट्टर जुन्या चाहत्यांना सरळ सांगून टाकलं की तुम्ही ही पाहू नका, तुम्हाला सोसवणार नाही. वाहिनीच्या प्रसिद्धी खात्याला घाम फुटला असेल, पण त्या वर्षात नव्या बाजूने जुन्या प्रेक्षकाशी केलेलं सगळ्यात सरळ बोलणं मला तेच वाटतं.

या रागाला तोंड फुटलं ते मात्र दुसऱ्याच निमित्ताने. जुन्या मालिकेतला स्टारबक म्हणजे सिगार ओढणारा, पत्ते कुटणारा, बायकांच्या मागे लागणारा हरहुन्नरी वैमानिक. डर्क बेनेडिक्टने तो असा काही रंगवला की अपोलोपेक्षा तोच लोकांच्या लक्षात राहिला. मूरने स्टारबकला बाई केलं. केटी सॅकहॉफची स्टारबकही सिगार ओढते, पत्ते कुटते, वरिष्ठाच्या थोबाडीत ठेवून देते आणि कोठडीत जाते. प्रसिद्धीसाठी वाहिनीने या दोन स्टारबकांना एका स्टारबक्समध्ये कॉफीला बसवलं होतं, ते फोटोपुरतं ठीक झालं. पण २००४ मध्ये बेनेडिक्टने एक लेख लिहून सगळा राग ओकला: नव्या जगात पुरुषांचं खच्चीकरण झालं आहे, त्याचाच हा नमुना. या लेखाने जुन्या चाहत्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं मूरनेही केलं नसेल. त्यानंतर प्रत्येक तक्रार 'यांना बाईचं वावडं आहे' या एका पोत्यात भरून फेकून देता येऊ लागली. वावडं होतंच अनेकांना, ते झाकायचं कारण नाही. सॅकहॉफने पाचसहा भागांतच त्या आक्षेपातली हवा काढून घेतली. तिची स्टारबक ही बेनेडिक्टच्या स्टारबकची बाईच्या कपड्यांतली आवृत्ती नव्हती. तोच बेदरकारपणा, पण आता त्याच्यामागे काय दुखतं तेही दिसू लागलं.

त्या पोत्यातून ज्या तक्रारी विनाकारण फेकल्या गेल्या त्यांतली एक मला महत्त्वाची वाटते. १९७८ च्या मालिकेत 'गॅलॅक्टिका'चा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी कर्नल टाय ही भूमिका टेरी कार्टर करत होता आणि बूमर हा वैमानिक हर्बर्ट जेफरसन. दोघेही कृष्णवर्णीय. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर दोन कृष्णवर्णीय पुरुष गणवेशात, अधिकाराच्या जागी, आणि त्यांच्या वर्णाचा कथेत उल्लेखसुद्धा नाही, ही साधी गोष्ट नव्हती. नव्या मालिकेत टाय झाला मायकल होगन, गोरा आणि दारुडा. बूमर झाली ग्रेस पार्क, कोरियन वंशाची, आणि नकळत शत्रूच्या बाजूची. दोघांची कामं उत्तम आहेत. ॲडामाच्या जागी मेक्सिकन वंशाचा ओल्मोस आला हेही खरं. तरी जुन्या मालिकेने मिळवलेली एक विशिष्ट जागा नव्या, स्वतःला अधिक जागरूक म्हणवणाऱ्या मालिकेने सहज सोडून दिली, आणि हे सांगत होते कोण, तर ज्यांना आपण जुनाट ठरवलं तेच प्रेक्षक. साक्ष म्हणतो ती ही. समीक्षकांना तेव्हा याचं काहीच वाटलं नाही.

आता मूरची बाजू. ती समजायची तर दोन्ही पहिले भाग लागोपाठ पाहायला हवेत. जुन्यात बारा ग्रह बेचिराख होतात. ॲडामा आपल्या पडक्या घरात जाऊन उभा राहतो, बायकोच्या आठवणीने गलबलतो. हा प्रसंग खरोखर चांगला आहे, ॲडामा झालेला लॉर्न ग्रीन जुन्या घडणीचा नट होता. पण थोड्याच वेळात तांडा कॅरिलॉन नावाच्या ग्रहावर पोचतो आणि तिथे असतो जुगाराचा अड्डा. झगमगीत दिवे, परग्रहावरच्या गायिका, फुकट खाणंपिणं. पाठीमागे अब्जावधी माणसं मेलेली आणि इथे लोक पैसे लावतायत. तो अड्डा हा शत्रूचा सापळा असतो हे नंतर कळतं, तरी मालिकेचा स्वभाव त्यातून कळून येतो. संहार ही तिच्या दृष्टीने गोष्ट सुरू करायची एक युक्ती आहे. युक्ती वापरून झाली की साहसाला मोकळीक.

मूरने हाच संहार घेतला आणि विचारलं, हे खरंच घडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल? नव्या मालिकेच्या पहिल्या नियमित भागाचं नावच '३३'. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येऊन थडकतात, तांडा उडी मारून निसटतो, पुन्हा ३३ मिनिटं. पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. माणसं भिंतीला टेकून डोळे मिटतात, बोलता बोलता शब्द विसरतात, एकमेकांवर खेकसतात. लॉरा रोझलिन ही राष्ट्राध्यक्ष आहे, पण कालपर्यंत ती शिक्षणमंत्री होती. वारसाक्रमात तिचा नंबर त्रेचाळिसावा, वरचे बेचाळीस मेले म्हणून ती या खुर्चीवर. तिच्या पाठीमागे एक पांढरा फळा लावलेला आहे आणि त्यावर जिवंत माणसांचा आकडा. प्रत्येक हल्ल्यानंतर ती तो पुसते आणि कमी करून लिहिते. भागाच्या शेवटी एका जहाजावर मूल जन्मल्याची बातमी येते. ती उठते, शेवटचा आकडा पुसते आणि एक वाढवून लिहिते: ४७,९७३. याच आकड्यासाठी काही तासांपूर्वी तिने आणि ॲडामाने एक प्रवासी जहाज संशयावरून पाडायला लावलेलं असतं. त्यात माणसं होती की नव्हती, कुणाला नक्की कळत नाही.

या फळ्याच्या दृश्यात जुन्या मालिकेवरची सगळी टीका आहे, आणि तिच्याबद्दलचा आदरही. लार्सनच्या कल्पनेत केवढी ताकद होती हे लार्सनला किंवा त्याच्या वाहिनीला कळलं नव्हतं, ते मूरने दाखवून दिलं. चांगला रीमेक ही मूळ कृतीची समीक्षा असते असं मी म्हणतो ते याच अर्थाने. आणि जुन्याचा अपमान झाला म्हणून ओरडणाऱ्यांनी नव्या मालिकेचे पहिले तीन तास डोळे उघडे ठेवून पाहिले असते तर त्यांना दिसलं असतं की त्यात जुन्याची बाजू लढवलेली आहे. गोष्ट सुरू होते तेव्हा 'गॅलॅक्टिका' निवृत्त होऊन तिचं संग्रहालय होत असतं. एका बाजूच्या तळावर स्मरणवस्तूंचं दुकानसुद्धा थाटलंय. प्रेक्षकांसाठी मांडलेल्या वस्तूंत १९७८ च्या घडणीचा सायलॉन उभा आहे. सरकार त्या नौकेवरचे संगणक एकमेकांना जोडायला सांगतं आणि ॲडामा ठाम नकार देतो: माझ्या नौकेवर हे होणार नाही. हल्ला होतो तेव्हा अत्याधुनिक विमानांच्या यंत्रणेत सायलॉन घुसतात आणि ती जागच्या जागी बंद पडतात. वाचते ती एकटी जुनाट 'गॅलॅक्टिका', आणि लढतात ती संग्रहालयात ठेवलेली जुन्या बनावटीची व्हायपर विमानं, जी त्या दुकानामुळे वाट अडल्यामुळे माणसांनी ढकलत दुसऱ्या बाजूला न्यावी लागतात. जुनं ते टाकाऊ समजणारे मरतात. यापेक्षा मोठा मान मूरने कसा द्यायचा होता?

हॅचला तो कळला, उशिरा का होईना. मूरने त्याला भूमिका देऊ केली, आणि ती कसली? टॉम झॅरेक नावाचा कैदी. कुणी त्याला दहशतवादी म्हणतं, कुणी क्रांतिकारक. तुरुंगनौका ताब्यात घेऊन तो एकच प्रश्न विचारतो: या बाईला राष्ट्राध्यक्ष कुणी केलं? निवडणूक कधी झाली? वाटाघाटीला समोर येतो नवा अपोलो, जेमी बॅम्बर. जुना अपोलो नव्या अपोलोकडे बघतो आणि त्याच्या नावावरूनच त्याला छेडतो. देवाचं नाव लावतोस, तेवढा आहेस का तू? मला हा प्रसंग रीमेकच्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. हॅच पंचवीस वर्षं जो प्रश्न स्टुडिओला विचारत आला, तोच त्याच्या तोंडी घातला: तुम्हाला हा अधिकार दिला कुणी? आणि मालिका त्या प्रश्नाला वेडगळ ठरवत नाही. नवा अपोलो कबूल करतो की हा म्हणतो ते बरोबर आहे, निवडणूक व्हायलाच हवी. झॅरेक शेवटच्या हंगामापर्यंत राहतो, बंड करतो आणि गोळ्या घालून मारला जातो. हॅच २०१७ मध्ये गेला तेव्हा दोन्ही मालिकांच्या लोकांनी त्याच्यासाठी हळहळ व्यक्त केली.

भारतीय प्रेक्षकाला या सगळ्यात एक अनपेक्षित दार आहे. नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात रिचर्ड गिब्ज या संगीतकाराने गायत्री मंत्र वापरला आहे. जळून गेलेली नगरं, अंधारात लुकलुकणाऱ्या नौका, आणि त्यावर एका परक्या वळणाच्या बाईच्या आवाजात, मुंजीत कानात सांगितलेली अक्षरं. पहिल्यांदा ऐकताना मी चमकलो. उच्चार थोडे घसरलेले, चाल आपली नाही, संदर्भाचा तर पत्ताच नाही. तरी राग आला नाही, आणि का आला नाही याचा विचार केल्यावर मला त्या हुर्यो उडवणाऱ्यांची अडचण जास्त कळली. ऋग्वेदातला हा मंत्र हजारो वर्षं लाखो तोंडांतून आला आहे, रोज सकाळी येतो. कुणी तो अवकाशयानावर नेला तर त्याचं काही बिघडत नाही. त्या मंडळींकडे होते फक्त २४ भाग, त्यांतलेही निम्मे सामान्य. त्यांना दुसरा आधार नव्हता. ज्याची मिळकत मोठी त्याला उदार होता येतं. म्हणून चाहत्यांना 'एवढं काय मनाला लावून घेता' असं म्हणणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. तसं म्हणणारा बहुधा सांस्कृतिकदृष्ट्या गर्भश्रीमंत असतो.

आणि मग २००९ उजाडलं. १७ मार्चला संयुक्त राष्ट्रसंघातली ती सभा झाली. देशांच्या नावांच्या पाट्या काढून त्या जागी बारा वसाहतींच्या नावांच्या पाट्या लावल्या होत्या. मानवी हक्क, दहशतवाद, युद्धातली मुलं यांवर गंभीर बोलणं झालं. २००६ मध्ये याच मालिकेने नायकांनाच परक्या फौजेच्या ताब्यातल्या नगरात डांबलं होतं आणि त्यांना आत्मघाती हल्ले करायला लावले होते, तेही अमेरिकी फौजा इराकमध्ये असताना. तेव्हा ही सभा अगदीच हवेतली नव्हती. तीन दिवसांनी, २० मार्चला शेवटचा भाग आला आणि नव्या मालिकेचे प्रेक्षक भडकले. पाच-सहा वर्षं राजकारण, छळ, निवडणुका, लोकशाही यांवर इतकं कोरडं, रोखठोक दाखवणाऱ्या मालिकेने शेवटी देवाचा हात पुढे केला. इतके दिवस काहींना दिसणाऱ्या आकृत्या म्हणजे देवदूत निघाले. मेलेली आणि परतलेली स्टारबक बोलता बोलता माळरानावर नाहीशी झाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीही जाहीर नापसंती दाखवली. (दहा वर्षांनी त्यांच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या टीव्ही अवताराचा शेवटचा हंगाम पुन्हा चित्रित करा म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. काळ असा सूड घेतो.) आमची मालिका बिघडवली, हिचा आत्मा मारला, असं नवे प्रेक्षक म्हणू लागले. शब्द तेच, २००३ चे.

गंमत अशी की, नव्या प्रेक्षकांना जे परकं वाटलं ते लार्सनचं होतं. लार्सन मॉर्मन पंथाचा. त्याच्या मालिकेत वसाहतींचं मूळ गाव कोबोल, आणि मॉर्मन धर्मग्रंथात देवाच्या सिंहासनाजवळ एक तारा आहे कोलोब नावाचा. बारा जणांची परिषद, तेराव्या हरवलेल्या टोळीचा शोध, हे सगळं तिथून आलेलं. १९७९ च्या जानेवारीत आलेल्या एका जोडभागात प्रकाशाने भरलेलं एक यान येतं, त्यात पांढऱ्या वेषातली माणसं असतात, देवदूतच म्हणा ना, आणि ती मेलेल्या अपोलोला परत उठवतात. मूरने लार्सनचा जुगाराचा अड्डा टाकला, पोशाख टाकले, पण श्रद्धेचा धागा टाकला नाही. पहिल्या हंगामापासून तो विणत आला होता. शेवटच्या भागात नवी मालिका जुन्या मालिकेच्या सर्वाधिक जवळ गेली, आणि नेमक्या त्याच जागी तिच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जुन्या चाहत्यांपैकी काही जण तेव्हा गालातल्या गालात हसले असतील.

मला स्वतःला तो शेवट आवडत नाही. पण तो बाहेरून चिकटवलेला आहे असं आता म्हणवत नाही, आणि हे मला जुन्या मालिकेने शिकवलं, जी मी त्या ओरडणाऱ्यांमुळे पाहिली.

त्यांची एक तक्रार मात्र कुणालाच खोडता आलेली नाही. जुनी 'गॅलॅक्टिका' रविवारी संध्याकाळी घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघत. तिच्यात आठ-नऊ वर्षांचं पोर आणि त्याची आजी या दोघांसाठीही काही होतं: एक लहान मुलगा, त्याचा यांत्रिक कुत्रा, वडील-मुलाचं साधं प्रेम, शेवटी आपलीच माणसं जिंकणार हा भरवसा. नवी मालिका पोरांसमोर लावायची सोय नाही. छळ, बलात्काराचा प्रयत्न, आत्महत्या, सगळं आहे, आणि कथेला ते हवंही आहे. पण त्याच नावाखाली लहान मुलांची जागा काढून घेतली गेली, आणि ती भरून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. विज्ञानकथा 'मोठी' झाली म्हणून आपण समीक्षक खूश झालो. मोठं होणं म्हणजे काळवंडणं, हे समीकरण 'गॅलॅक्टिका'नंतर इतकं रूढ झालं की पुढे कित्येक जुन्या मालिकांना तोच काळा रंग फासला गेला, बहुतेकदा मूरच्या बुद्धीशिवाय.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आवडत्या जुन्या मालिकेचा रीमेक आला आणि लोक चिडले, तर 'यांना बदल नको असतो' हे वाक्य उच्चारण्याआधी त्यांना विचारा की नेमकं काय गेलं. उत्तरात बराच कचरा असेल, तो बाजूला काढा. आणि 'गॅलॅक्टिका' पाहिली नसेल तर १९७८ चा पहिला भाग एका रात्री आणि २००३ चा पहिला भाग दुसऱ्या रात्री पाहा. प्रत्येकाला तीनेक तास लागतील. क्रम मात्र माझ्यासारखा उलटा ठेवू नका.